वजन विचारावं लागतं

ग्रिम्सबी. मंगळवार. दिवसातली शेवटची वेळ.
गोदीवरचा वारा मासळीचा वास घेऊन येतो
आणि दाराशी थबकतो.
आत नुसती थंडी,
आणि यंत्राच्या पंपाची चिमणीसारखी चिवचिव,
जी मला आता बंद पडली तरच ऐकू येईल.

ग्लेनिस थ्रॅल, वय सत्तावन्न.
केसांतली पिन काढली. अंगठी निघेना,
साबण लावला.
मग मी विचारलं, वजन?
शिरेतून द्यायचं औषध त्यावर ठरतं, म्हणून विचारावं लागतं.
ती हसली, मोठ्यांदा, गाऊनची नाडी मुठीत धरून :
"एकवीस वर्षं झाली, हा प्रश्न मी विचारतेय."

शाळाशाळांतून हिंडते ती.
डिकीत काटा, उंची मोजायची घडीची पट्टी.
पाच वर्षांची मुलं,
मग तीच मुलं, अकराची होता होता.
झाडांच्या रस्त्यावरच्या शाळेत
चहाच्या आधी काम उरकतं.
पण जिथला पोहायचा तलाव बुजवला,
जिथे भाजी आणायला दोन बस लागतात
आणि तळलेली कोंबडी दारात मिळते,
तिथे संध्याकाळ होते.
पहिल्या वर्षी आई ज्याला बाळसं म्हणते
ते सहाव्या वर्षी सूज निघतं,
आणि सांगायला हिला जावं लागतं.

"काल एक पोरगा," ती बोगद्यातून म्हणाली,
दोन ठोकाठोकींच्या मधल्या शांततेत,
"बूट काढले, मोजे काढले, स्वेटर काढला.
खिसे उलटे केले. तीन गोट्या, घराची किल्ली,
अर्धं बिस्कीट, तेही ठेवलं टेबलावर.
मग डोळे मिटून सगळा श्वास सोडला.
म्हणाला, हवेचंही वजन असतं ना, मिस?"

हलू नका, मी म्हटलं. चार मिनिटं.

पडद्यावर ती उतरत गेली, काप काप होऊन.
गर्भाशयाच्या मुखाभोवती
एक काळं कडं असतं.
अखंड असलं की बघणारा खुर्चीत मागे टेकतो.
आत राखाडी गाठ होती, करवंदाएवढी, थोडी मोठीच.
कडं होतं.
होतं, होतं,
आणि घड्याळात जिथे सात वाजतात तिथे
मी पडद्याच्या इतका जवळ गेलो
की काचेवर माझाच श्वास बसला.

मी चित्र काढतो. वाचणारे वेगळे.

"तीन पत्रं आली होती तपासणीची,"
तिनं न विचारताच सांगितलं.
"फ्रिजवर, चुंबकाखाली. दवाखान्याच्या वेळा
शाळेच्याच वेळा.
मीही पत्रं पाठवते, आयांना.
फाडतात.
कुठल्या खणात टाकतात तेही ठाऊक आहे आता."

चित्रं संशोधनाला द्याल का?
नाव गळेल, आकडा राहील.
सही करताना तिनं मान हलवली,
"माझी सगळी पोरं तिथेच आहेत."
तिथे म्हणजे कुठे, मी विचारलं नाही.
विद्यापीठाच्या जिन्यात एक नकाशा आहे,
वस्त्या गडद, फिकट.
मुलांचा की बायकांचा, खालची ओळ वाचेपर्यंत
मला कधी कळलेलं नाही.

अंगठी परत घालताना सहज गेली.
तिनं ती बोटावर दोनदा फिरवली.
"काय दिसलं?"
डॉक्टर बघतील. कळवतील तुम्हाला.
"हं," ती म्हणाली,
"मीही पोरांना आकडा सांगत नाही कधी.
काटा माझ्याकडे वळवून ठेवते.
पत्र घरी जातं."

खिडकीतून दिसलं :
तिनं गाडीची डिकी उघडली,
काटा आहे ना जागेवर, पाहिलं,
आणि बराच वेळ ती बंद केली नाही.